तांबड्या बैलाच्या नावाचा दुभाषी

पोस्टिंगची ऑर्डर आली तेव्हा मी पहाडात खेचरांच्या युनिटमध्ये होतो. सैनिक म्हटलं की लोकांना बंदूक आठवते. माझ्या हातात बंदुकीपेक्षा सिरिंज जास्त राहिली. आमच्या ट्रेडला ड्रेसर म्हणतात. जनावरांच्या डॉक्टरच्या हाताखालचा माणूस. इंजेक्शन देणं, जखम धुणं, टाके घालताना जनावर धरणं, गरज पडली तर आडवं पाडणं, हे आमचं काम. माझी रँक तेव्हा नायक होती. शांतिसेनेतून एक वर्षासाठी दक्षिण सुदानला जायचं होतं. सीओ साहेबांनी बोलावून विचारलं, जाणार का. मी जाणार म्हणालो. तो देश नकाशावर कुठं आहे ते नंतर पाहिलं.

निघण्याआधी सुट्टी मिळाली. धावड्याला घरी आलो. आमचे वडील, त्यांना आम्ही अण्णा म्हणतो, गोठ्यात बसले होते. मी कुठं चाललो ते त्यांना सांगितलं. ढोरांना सुया द्यायला सरकार माणसाला इतक्या लांब पाठवतं, यावर त्यांचा विश्वास बसेना.

"तिथं लढाई चालूये म्हन्तात," ते म्हणाले.

"हाय थोडी."

"मंग तुमी कोन्या बाजूनं?"

"कोन्याच न्हाई."

अण्णांनी वैरण मोडून गव्हाणीत टाकली. "दोघांच्या भांडनात मधी उभं राह्यलं की दोन्हीकडून बसती," ते म्हणाले. "ध्यानात ठेव."

बायकोनं राजूरला गणपतीच्या दर्शनाला नेलं. येताना एसटीत ती एवढंच म्हणाली, तिथून फोन लागतो ना. मी लागतो म्हणालो. मला माहीत नव्हतं. पण लागला, आठवड्यातून एकदा.

जालन्याहून रेल्वेनं दिल्ली, तिथून मोठ्या विमानानं राजधानी जुबा, मग हेलिकॉप्टर. खाली उतरलो तर ऊन अंगावर पडल्यासारखं आलं. मी आधी जमीन पाहिली. काळी माती. भेगा पडलेली, भेगेत हात जाईल अशी. बसून एक ढेकूळ फोडलं. आमच्या रानातलंच वाटलं. मागून सुभेदार दलबीर सिंग आले. ते एस्कॉर्टचे, म्हणजे आमच्या संरक्षणासाठी दिलेल्या तुकडीचे कमांडर. काय हरवलं म्हणून त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "साहेब, पावसात इथं गाडी चालणार नाही." ते हसले. पाऊस सुरू झाल्यावर पहिल्याच फेरीत त्यांची गाडी चिखलात बसली. त्या दिवसापासून रस्ता कसा आहे ते मला विचारू लागले.

बेस म्हणजे चारी बाजूंनी मातीनं भरलेल्या जाळ्यांच्या भिंती, वर काटेरी तार, आत पांढरे कंटेनर. भिंतीला लागूनच घर सोडून आलेल्या लोकांची वस्ती होती. प्लास्टिकच्या ताडपत्र्या नजर जाईल तिथपर्यंत. सकाळी पाचला पीटी, सातला दवाखाना. आमचे डॉक्टर कॅप्टन अय्यप्पा साहेब, कूर्गचे. वयानं माझ्याहून लहान, कामात पक्के. पत्र्याची एक शेड आणि जनावर अडकवायचा लाकडी खोडा, हाच आमचा दवाखाना. सात वाजता गेट उघडलं की बाहेर रांग असायची. शेळ्या, गाढवं आणि गायीबैल. तिथल्या बैलांची शिंगं मी जन्मात पाहिली नव्हती. माणसाच्या उंचीची, वर जाऊन आत वळलेली. अशा बैलाला खोड्यात घ्यायचं म्हणजे पलंग दारातून आत नेण्यासारखं. तिरपं करून, थोडं मागं घेऊन, परत पुढं.

मलुआल आमचा दुभाषी. चाळिशीचा, उंच, बारीक. शेजारच्या देशात निर्वासितांच्या छावणीत वाढला आणि तिथंच इंग्रजी शिकला. बायको आणि दोन मुली भिंतीपलीकडच्या वस्तीतच राहायच्या. त्यांच्याकडं माणसाला बैलाच्या रंगावरून नाव ठेवतात. मलुआल म्हणजे तांबडा बैल. त्यानं मला विचारलं, तुझं नाव कोणत्या बैलाचं. मी म्हणालो, भगवान, देवाचं नाव आहे. तो बराच वेळ हसला. बैल सोडून थेट देवालाच हात घातला म्हणाला.

त्याची अरबी आणि माझी मराठवाड्याची बोली कुठं कुठं जुळायची. साबून, कुर्सी, कलम. असा शब्द निघाला की तो बोट वर करायचा. निजामाच्या मुलुखातले आम्ही, आमच्याकडं हे शब्द कसे आले ते मी त्याला सांगितलं. राजे लोक लांब लांब जातात, तो म्हणाला, आणि मागं शब्द टाकून येतात.

एका रविवारी त्यानं पिशवीत ज्वारीचं पीठ आणलं. तिथं ज्वारीच पिकते. बायका त्याचं पिठल्यासारखं घट्ट शिजवतात. मी कुकहाऊसच्या तव्यावर भाकरी थापली. सोबत हिरव्या मिरच्या आणि शेंगदाण्याचा ठेचा केला. मलुआलनं दोन भाकरी घरी नेल्या. दुसऱ्या दिवशी बायकोचा निरोप घेऊन आला. भाकरी कोरडी आहे, पण ती तिखट वस्तू परत पाठवा. पुढं दर रविवारी ठेचा भिंतीपलीकडं जायला लागला. मला हिवताप झाला तेव्हा तिनं उलट मासळीचं कालवण पाठवलं. माळकरी घरातला मी, पण ताप उतरल्यावर ते गपचूप खाल्लं.

ते वर्ष असं गेलं. लोक विचारतात, तिथं भीती वाटत नव्हती का. भीती होतीच. रात्री लांबून गोळीबार ऐकू यायचा. पण सकाळी जनावर उभं राहिलं की हात कामाला लागायचे. आणि मनापासून सांगतो, माझ्या नोकरीतलं ते सगळ्यात चांगलं काम होतं.

उन्हाळा सरताना घटसर्प सुरू झाला. हा रोग आमच्याकडंही आहे. गळा सुजतो, घरघर लागते, जीभ बाहेर येते, आणि दिवसाभरात जनावर जातं. तिथं दोन वस्त्यांचे लोक एकाच पाणवठ्यावर जनावरं आणायचे. एक नदीकडचे, दुसरे दलदलीपलीकडचे. दोघांत जनावरं पळवण्यावरून जुनं वैर होतं, आणि आता दोघांकडं रायफली आल्या होत्या. आम्ही आधी नदीकडच्यांचे कळप टोचले. ते बेसच्या जवळ होते. मलुआल त्यांच्यातलाच.

चार दिवसांनी गेटवर एक म्हातारा आला. अंगावर निळं कापड, हातात भाला, तोच काठीसारखा टेकत. दलदलीपलीकडच्यांचा मुखिया होता तो. भाला गेटवर ठेवून आत आला आणि आमची जनावरं मरून राहिलीत म्हणाला. मलुआलनं ते साहेबांना इंग्रजीत सांगितलं. एरवी तो हातवारे करून बोलायचा. त्या दिवशी त्याचे हात हलले नाहीत.

म्हातारा गेल्यावर साहेब म्हणाले, रोगाला वस्ती कळत नाही. यांची जनावरं राहिली तर पाण्यावरून रोग परत नदीकडं येणार. जायलाच पाहिजे. बेसमध्ये दुसरा दुभाषी होता, पण त्याला दलदलीपलीकडची बोली येत नव्हती. मलुआलला येत होती, कारण त्याची आई तिकडची होती.

"मी तुला हुकूम देऊ शकत नाही," साहेब त्याला म्हणाले. "तू सिव्हिलियन आहेस. नाही म्हणालास तरी नोकरीला काही होणार नाही."

मलुआल सिरिंजचं भांडं उचलून शेडमध्ये गेला. आम्ही दोघं सिरिंज उकळत होतो तेव्हा त्यानं मला सांगितलं. दोन वर्षांपूर्वी त्याच्या धाकट्या भावाला त्याच लोकांनी मारलं होतं, त्याच पाणवठ्यावर. मी म्हणालो, मग नको येऊ. तो सुया मोजून डब्यात ठेवत होता. म्हणाला, "त्या गायींत माझ्या मामाच्याही गायी असतील."

सकाळी सहाला गाड्या निघाल्या तेव्हा तो बर्फाची पेटी मांडीवर घेऊन बसला होता. लस त्या पेटीत होती.

पाणवठा म्हणजे उथळ तळं, कडेला काटेरी झाडी. दलदलीपलीकडचे लोक पहाटेपासून जनावरं घेऊन उभे होते. पोरांनी काट्यांच्या फांद्या रोवून अरुंद वाट केली होती. जनावर एका बाजूनं आत, मी टोचायचं, साहेबांनी पाठीवर निळ्या रंगाची खूण करायची, दुसऱ्या बाजूनं बाहेर. मलुआल वाटेच्या तोंडाशी उभा राहून लोकांना सांगायचा, हिला घ्या, त्या गाभणीला बाजूला ठेवा. पहिल्या तासात लोक त्याच्याशी तुटक बोलत होते. त्याचा बाप कोण ते त्यांना माहीत होतं. नंतर कुणीतरी त्याला दुधानं भरलेला पोकळ वाळका भोपळा आणून दिला. तो त्यानं अर्धा प्याला आणि मला दिला. दुधाला धुराचा वास होता.

आमच्या हिशेबात एक गोष्ट धरायची राहून गेली होती. एवढी जनावरं एका जागी आम्हीच गोळा केली होती, आणि त्याची खबर नदीकडं आदल्याच दिवशी गेली होती.

दुपार होत आली असताना झाडीतून पहिली फैर आली. धूळ उडाली, जनावरं बिथरली, काट्यांची वाट मोडली. सुभेदार साहेबांनी दोन्ही बख्तरबंद गाड्या झाडी आणि लोकांच्या मधे आणल्या. बायकापोरं गाड्यांमागं आली. रेडिओ चालू झाला. त्यावर बेसचं नाव टायगर, आमचं वन.

"टायगर, वन बोलतोय. झाडीतून फायर. गावकरी आमच्या मागं आहेत. ओव्हर."

"वन, पोझिशन होल्ड करा. आदेशाशिवाय फायर नाही. ओव्हर."

"रॉजर."

दलदलीपलीकडच्या जवान मुलांनीही रायफली काढल्या. म्हातारा त्यांच्यावर ओरडत होता. एकानं जरी गोळी चालवली असती तर आम्ही मधे आणि दोन्हीकडून मारा, असं झालं असतं. मी आणि मलुआल गाडीच्या चाकामागं पडलो होतो. लसीची पेटी माझ्या पोटाखाली होती. तो कान देऊन ऐकत होता. झाडीतून कुणी कुणाला हाका मारत होतं.

"आमचीच पोरं आहेत," तो म्हणाला. "आवाज ओळखतो मी."

तो उठला. अय्यप्पा साहेबांनी पाहिलं.

"मलुआल, खाली बस. ऑर्डर आहे."

"साहेब, मी सिव्हिलियन आहे," तो म्हणाला आणि गाडीच्या पुढं गेला.

दोन्ही हात वर, एका हातात जनावरं हाकायची काठी. सावकाश चालत तो मोकळ्या जागेत गेला. नावं घेऊन हाका मारत होता, एकेकाचं नाव. गोळीबार विरळ झाला, मग थांबला. झाडी आणि गाड्यांच्या बरोबर मधे उभा राहून तो बोलू लागला. त्यावेळी आम्हाला कळलं नाही. झाडीतल्याच एका पोरानं नंतर दुसऱ्या दुभाष्याकरवी सांगितलं. तो म्हणाला, या जनावरांच्या अंगात रोग आहे. सुई आज दिली, ती लागू व्हायला दिवस लागतात. आज यांना हाकून न्याल तर रोग हाकून न्याल, आणि तुमच्या आयांच्या गायी मरतील. माझा भाऊ याच पाण्यावर पडला. या गायींवर कुणाचा हक्क असेल तर तो माझा आहे. मी घेत नाही. तुम्ही कोण घेणारे?

मग एकच गोळी सुटली. कुठून, ते आजपर्यंत कळलं नाही. चौकशीतही निघालं नाही. मलुआल थोडा वाकला, पण पडला नाही. काठी टेकून उभाच राहिला. झाडीत हालचाल झाली आणि पोरं मागं सरली. ती दिसेनाशी होईपर्यंत तो तिकडंच तोंड करून उभा होता. मग वळला, आमच्याकडं काही पावलं आला आणि खाली बसला.

मी पोचलो तेव्हा मांडीच्या वरच्या अंगातून रक्त वाहत होतं. घट्ट पट्टा बांधायला जागाच नव्हती, जखम जांघेत होती. फील्ड ड्रेसिंग कोंबलं आणि दोन्ही मुठींनी दाबून धरलं. साहेब बाजूला आले. दाब सोडू नको, एवढंच म्हणाले. सुभेदार साहेबांनी रेडिओवर हेलिकॉप्टर मागितलं. तासभर लागेल असं उत्तर आलं.

तो शुद्धीत होता. माझ्याकडं पाहून त्यानं विचारलं, "किती राहिली?"

मला आधी कळलं नाही. मग कळलं, जनावरं विचारतोय. "साठेक असतील," मी म्हणालो.

"संपवा," तो म्हणाला.

निळ्या कापडाचा म्हातारा आला आणि मलुआलचं डोकं मांडीवर घेऊन बसला. तो त्याच्याशी त्याच्या आईच्या बोलीत बोलला. मलुआलनं उत्तर दिलं. म्हातारा परत काहीतरी म्हणाला, आणि मलुआलच्या तोंडावर हसू आलं. त्या दोघांत काय बोलणं झालं ते आम्हाला कळलं नाही. भाषांतर करणारा तोच होता.

हेलिकॉप्टर आलं. मी त्याच्यासोबत गेलो, मुठी तशाच ठेवून. हॉस्पिटलला पोचायच्या आधी तो गेला. डॉक्टरांनी माझे हात हळूच सोडवले.

दुसऱ्या दिवशी आम्ही परत पाणवठ्यावर गेलो. साहेबांनी कुणाला विचारलं नाही आणि कुणी नको म्हणालं नाही. राहिलेली जनावरं टोचली. दुभाषी नव्हता, पण लोकांनी जनावरं स्वतःच बरोबर ओळीनं आणली. गाभण बाजूला, वासरं बाजूला. काल त्यानं जसं सांगितलं होतं तसं.

महिन्याभरानं तो म्हातारा बेसवर आला. सोबत एक दुभती गाय आणि वासरू. मलुआलच्या बायकोला द्यायची होती. त्यांच्यात माणूस गेला की जनावरं द्यायची रीत आहे. गोळी कुणाची ते माहीत नाही, पण तो आमच्या गायींसाठी उभा राहिला, असं त्याचं म्हणणं; मलुआलच्या मोठ्या मुलीला आजीची बोली यायची, तिनं ते इंग्रजीत सांगितलं. बायको स्वतः गेटवर आली. बराच वेळ गायीकडं बघत राहिली, मग दोर हातात घेतला. त्यानंतर माझी मुदत संपेपर्यंत ती रोज सकाळी गाय घेऊन दवाखान्यात यायची. गायीला काही झालेलं नसायचं. मी सड बघायचो, डोळे बघायचो, पाठीवर थाप मारायचो. धाकटी मुलगी वासराला धरून उभी राहायची. मोठी माझ्याशी इंग्रजीत चार वाक्यं बोलायची. मग त्या परत जायच्या. ठेचा दर रविवारी जात राहिला.

त्या पावसाळ्यात दोन्ही वस्त्यांनी पाणवठ्याच्या वेळा वाटून घेतल्या. नदीकडचे सकाळी, दलदलीपलीकडचे दुपारनंतर. पुढं ते किती टिकलं मला माहीत नाही. मी होतो तोपर्यंत टिकलं. त्या हंगामात घटसर्पानं नंतर एकही गाय गेली नाही. याचं समाधान मला आहे, आणि ते कुणी काढून घेऊ शकत नाही.

मी हवालदार म्हणून रिटायर झालो. आता धावड्यातच असतो. अण्णा थकलेत, पण गोठ्यात एक चक्कर टाकतातच. माझ्याकडं दोन गायी, एक म्हैस. मुलगा जालन्यात बियाण्यांच्या कंपनीत लागलाय. आजूबाजूच्या कुणाचं जनावर अडलं की मला बोलावतात, मी जातो. झोप चांगली लागते.

वर्षातून एकदा आम्ही माजी सैनिक जालन्याला जमतो. चहापाणी होतं, आणि शेवटी सगळे उभे राहून आपापल्या पलटणीतल्या गेलेल्यांची नावं घेतो. एकेक जण बोलतो. पहिल्या वर्षी माझी पाळी आली तेव्हा मी मलुआलचं नाव घेतलं. वाटूरचे खरात, रिटायर्ड नायब सुभेदार, कार्यक्रम चालवत होते. त्यांनी नाव नीट ऐकलं नाही. परत सांगायला लावलं.

"कोन्या पलटणीचा?" त्यांनी विचारलं.

"आमच्या," मी म्हणालो.

दोन मिनिटं सगळे उभे राहिले. नंतर चहाच्या वेळी ते जवळ आले आणि मी त्यांना सगळं सांगितलं, जसं आता सांगितलं तसं. ते ऐकत राहिले. चहा गार झाला.

पुढच्या वर्षी माझी पाळी यायच्या आधीच खरातांनी स्वतः ते नाव घेतलं. उच्चार थोडा चुकला. मी दुरुस्त केला नाही.